शिबिराची बॅग कोणी भरायची?

माझी लेक सहावीत होती तेव्हा तिच्या पहिल्या मुक्कामी शिबिराची बॅग मी भरली. तोवर शाळेतल्या स्काऊट-गाईडमध्ये मुलींच्या पथकाची प्रमुख, म्हणजे गाईड कॅप्टन, म्हणून माझी बारा वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या आयांना मी बजावून सांगायचे, बॅग मुलीलाच भरू द्या. आणि घरी मात्र रात्री अकरा वाजता मीच चादरीची घडी घालत बसले होते. शिबिर दुसऱ्या शाळेच्या मैदानावर होतं, दुसऱ्या बाईंच्या हाताखाली. तीन दिवसांनी लेक परत आली तेव्हा बॅगेतला टॉवेल कोरा करकरीत. स्वेटरमध्ये गुंडाळून मी तो तळाशी ठेवला होता, तिला तो सापडलाच नाही. तीन दिवस मैत्रिणीच्या टॉवेलवर काढले. विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं तू द्यायला विसरलीस."

ते "तू द्यायला" माझ्या मनातून गेलं नाही. टॉवेल तिचा, अंग तिचं, शिबिर तिचं, पण विसरायचा अधिकारसुद्धा मी माझ्याकडेच ठेवला होता.

सांगलीतल्या एका शाळेत मी वीसेक वर्षं गाईड पथक चालवलं. माझी दोन्ही मुलंही त्याच वाटेनं गेली, मुलगी गाईड आणि धाकटा स्काऊट. त्या अनुभवातून घरी काय करता येतं ते इथे लिहिते आहे. सुरुवात बॅगेपासूनच करू.

शिबिराच्या आठ दिवस आधी सामानाची यादी मुलाला द्या आणि त्याच्या हातानं वहीत उतरवून घ्यायला सांगा. मोबाईलवर आलेली यादी आई वाचते, वहीतली मूल वाचतं. ताट, वाटी, पेला, चमचा, टॉर्च, टॉवेल, अंथरूण-पांघरूण, साबण, सुई-दोरा, तीन मीटर दोरी, वही-पेन, पाण्याची बाटली, गणवेश आणि दिवसाप्रमाणे कपडे. प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या कापडी पिशवीत घालायला लावा. शेवटच्या दिवसाची पिशवी तळाला, पहिल्या दिवसाची वर, टॉर्च बाहेरच्या कप्प्यात. बॅग भरून झाली की खोलीतला दिवा घालवा आणि म्हणा, "आता टॉर्च काढ. टॉवेल काढ. ब्रश काढ." तंबूत रात्री नेमकं हेच करावं लागतं. पहिल्या वेळी सगळं अंथरुणावर उपसलं जातं. दुसऱ्यांदा भरताना मूल स्वतःच विचार करतं.

मग बॅग त्याच्याच पाठीवर देऊन चौकापर्यंत जाऊन या. जड झाली तर काय काढायचं ते तो ठरवेल. तुम्ही फक्त तीन गोष्टी स्वतः तपासा: रोजची औषधं, चष्मा, पाण्याची बाटली. बाकी काही राहिलं असेल तर राहू द्या. चमचा विसरलेलं मूल हातानं जेवतं, आणि पुढच्या वेळी यादीत सगळ्यात आधी चमच्यावर खूण करतं.

संघ म्हणजे काय

स्काऊटिंग म्हणजे गणवेश, परेड आणि २६ जानेवारीचं संचलन, असं बऱ्याच पालकांना वाटतं. त्याचा गाभा मात्र संघात आहे. सहा ते आठ मुलं-मुलींचा एक संघ आणि त्यांच्यातलाच एक संघनायक. आमच्याकडे मोगरा, जाई, गुलाब अशी फुलांची नावं असायची. पाणी कोण आणणार, चूल कोण मांडणार, भांडी कोण घासणार हे तेरा वर्षांची संघनायिका ठरवते. कॅप्टन बोलते ती संघनायिकेशी. एखादीनं ताट घासलं नाही तर तिला मी बोलायचं नसतं. नायिकेला विचारायचं, "तुझ्या संघाची भांडी झाली का?" पुढचं ती बघते. पथकाची ही घडी बसवायला पहिली दोन-तीन वर्षं मला फार जड गेली. बाईंना सगळं वर्ग हाकल्यासारखं हाकायची सवय असते.

ही रीत स्काऊटिंगच्या जन्मापासूनची आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काऊटिंगचे संस्थापक, ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर २० मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाच मुलांचे चार संघ पाडले होते आणि प्रत्येकाचा नायक मुलांमधलाच होता. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात मॅफेकिंग गावाला पडलेल्या २१७ दिवसांच्या वेढ्यात निरोप पोहोचवायला पोरंच होती. खरं काम सोपवलं की पोरं ते पार पाडतात, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे १९०९ मध्ये स्काऊटिंग आलं तेव्हा भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. मग ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी अशा लोकांनी आपली पथकं उभी केली. मालवीयांच्या बाजूच्या पथकांचं नावच सेवा समिती होतं. पुढे १९५० मध्ये या वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. पोरं जत्रेत पाणी वाटताना दिसली की मला ते सेवा समितीचं नाव आठवतं.

काम हातात देण्याची रीत

घरात मुलाला काम देताना आपण दोन टोकं गाठतो. एक तर "तुला नाही जमायचं, सोड" म्हणतो, नाहीतर एक दिवस वैतागून "आता तुझं तू कर" म्हणून अंगावर टाकतो. पथकात शिकवण्याच्या पायऱ्या असतात, त्या घरी आणा. दहा वर्षांच्या मुलाला गॅसवर खिचडी करायला शिकवायची आहे असं समजू.

पहिल्या आठवड्यात तुम्ही करा आणि तो बघेल. पण बघताना त्यानं तोंडानं बोलायचं: "आता आई कुकरची शिट्टी तपासते आहे. आता रेग्युलेटर चालू केला." बोललं की लक्ष राहतं. दुसऱ्या आठवड्यात दोघांनी मिळून. डाळ-तांदूळ धुणं, पाणी मोजणं, फोडणी टाकताना चेहरा मागे ठेवणं, कुकरची वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात न लावणं. तिसऱ्या आठवड्यात तो करेल आणि तुम्ही ओट्याजवळ बसाल. इथे माझी एक सूचना आहे: हात रिकामे ठेवू नका. मेथी निवडायला घ्या. रिकामा हात आपोआप पुढे जातो आणि चमचा हिसकावून घेतो. चौथ्या आठवड्यात तुम्ही बाहेरच्या खोलीत. त्यानंतर शनिवारची खिचडी त्याची, आणि पाहुणे आले म्हणून ती काढून घ्यायची नाही. पाहुणे आले तेव्हाच ती त्याची राहिली पाहिजे.

आणखी एक. मुलानं झाडलेली खोली त्याच्यादेखत पुन्हा झाडू नका. कोपऱ्यात कचरा राहिला असेल तर संध्याकाळी विचारा, "तो कोपरा कसा राहिला रे?" आणि केरसुणी त्याच्याच हातात द्या.

दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन आम्ही दिवसभराची हाईक आणि भोजन शिबिर करायचो. एका वर्षी मोगरा संघ मीठ विसरला. तीन दगडांची चूल त्यांनी वाऱ्याची दिशा बघून छान मांडली होती, आजूबाजूचं गवत काढलं होतं, पाण्याची बादली शेजारी होती, चिपाडं आणि काटक्या आधीच वेगळ्या करून ठेवल्या होत्या. खिचडी शिजली आणि मग मीठ नसल्याचं कळलं. माझ्या पिशवीत मिठाची पुडी होती. संघनायिका रडवेली झाली. शेजारच्या संघाकडे मागायला तिला कमीपणा वाटत होता, कारण सकाळी तंबूच्या गाठींवरून त्यांच्याशी भांडण झालं होतं. मी पिशवीला हात लावला नाही. वीस मिनिटं गेली, खिचडी थंड होत होती. शेवटी पाचवीतली सगळ्यात लहान पोर उठली, दोन कांदे घेऊन गुलाब संघाकडे गेली आणि बदल्यात मीठ घेऊन आली. मी पुडी काढली असती तर त्या दिवशी सगळ्यांची खिचडी वेळेवर झाली असती, आणि ती पोर उठली नसती.

ज्यांच्याकडे अंगण किंवा शेत आहे त्यांनी बिनभांड्याचा स्वयंपाक जरूर करून बघा. निखाऱ्यात बटाटे आणि वांगी, काठीला कणकेची वळी गुंडाळून भाजलेली पोळी. रायगडातली पोपटी किंवा आपला हुरडा हे त्याचेच भाऊबंद. मुलांना कुठलाही पदार्थ इतका गोड लागत नाही.

खरी कमाई

महाराष्ट्रातल्या स्काऊट-गाईडना "खरी कमाई" हा शब्द ओळखीचा आहे. मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे आणि ते पथकाच्या निधीत किंवा सेवेच्या कामात द्यायचे. हल्ली अनेक ठिकाणी त्याचा खाऊचा बाजार झाला आहे. पहाटे उठून आई वडे तळते, बाबा गाडीवर पातेलं आणून देतात, मूल टेबलामागे उभं राहून पैसे घेतं. मला हे मान्य नाही. ती आईची कमाई झाली.

माझ्या पथकात नियम असे होते. काम ओळखीच्या घरीच करायचं, घरच्यांना ठाऊक असताना करायचं. स्वतःच्या आई-बाबांकडून पैसे घ्यायचे नाहीत. मोबदला आधी ठरवायचा. सायकल पुसणं, पुस्तकांना कव्हर घालणं, कुंड्यांची निगा, धान्य निवडणं, आजी-आजोबांना पेपर वाचून दाखवणं अशी कामं. मिळालेला प्रत्येक रुपया वहीत लिहायचा: कोणाकडे, काय काम, किती वेळ, किती पैसे. एकदा एक मुलगी कुंड्या धुऊन आली आणि तासाभरात त्या घरच्या आजोबांचा निरोप आला, चिखलाचं पाणी सगळ्या जिन्यावर गेलं आहे. तिची आई म्हणाली, मी जाऊन पुसून येते. मी थांबवलं. मुलगी गेली, जिना धुतला, आजोबांनी तिला वीस रुपये दिले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी ये. त्या वीस रुपयांची नोंद तिनं लाल पेनानं केली होती.

एकट्यानं बाहेर जाणं

हे टप्प्यानं करायचं. आधी कोपऱ्यावरचं दुकान, मग मंडई, मग एसटीनं मामाचं गाव. प्रत्येक टप्प्याआधी मुलानं वाटेचा नकाशा स्वतः काढायचा, त्यात देऊळ, पिठाची गिरणी, वळणावरचं चिंचेचं झाड अशा खुणा टाकायच्या. दोन फोन नंबर तोंडपाठ हवेत, कारण मोबाईलची बॅटरी संपते. चुकलो असं वाटलं तर भटकत बसायचं नाही, आहे तिथे थांबायचं. मदत मागायची तर कंडक्टर, दुकानदार किंवा मुलं बरोबर असलेली बाई बघून.

माग काढण्याच्या खुणा रविवारी गल्लीत खेळता येतात. दगडांचा बाण म्हणजे इकडे जा, फुली म्हणजे ही वाट नव्हे, वर्तुळात टिंब म्हणजे मी घरी गेलो. माझा धाकटा मित्रांकडून घरी निघताना त्यांच्या जिन्यावर खडूनं वर्तुळ आणि टिंब काढून यायचा. शोधत गेले की मला आधी ते दिसायचं. त्याची मला फार गंमत वाटायची, आणि आधारही.

एका बाबतीत मात्र मी मागे उभी राहत नाही. ती म्हणजे पाणी. कृष्णेच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पोहणं शिकवणाऱ्याच्या नजरेखाली शिकायचं, आणि कोणी बुडताना दिसलं तर मुलानं उडी मारायची नाही. काठी पुढे करायची, दोरी किंवा ओढणी फेकायची, हातात रिकामा बंद डबा असेल तर तो फेकायचा, आणि जिवाच्या आकांतानं ओरडून मोठ्यांना बोलवायचं. हे मी दर वर्षी पथकाकडून घोकून घेत असे. रहदारीचा रस्ता आणि विजेची तार यांनाही हाच नियम. चुकून शिकायचं ते मिठाच्या बाबतीत. जिथे चूक जिवावर बेतते तिथे मोठ्या माणसानं जवळच असलं पाहिजे.

ऑगस्ट २०१९

त्या महापुराच्या दिवसांत सांगलीत माणसं एकमेकांना भेटली की एकच प्रश्न, आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फूट? ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी वाढत वाढत ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पाणी शिरणार हे कळलं तेव्हा घरात मी, सासूबाई आणि अकरा वर्षांचा धाकटा. मिस्टर कामासाठी बाहेरगावी अडकलेले. मी कागदपत्रं शोधत होते, डोकं चालत नव्हतं. धाकट्यानं स्वतःची हाईकची बॅग काढली होती. त्यात टॉर्च, बिस्किटं, शिट्टी, एक कोरडी कपड्यांची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग त्यानं आजीच्या गोळ्या गोळा केल्या आणि कुठली कधी घ्यायची ते आजीला विचारून कागदावर लिहिलं. पाणी चढलं की सिलिंडर तरंगतो हे त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. रेग्युलेटर मी काढला, त्यानं सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधला. पथकातल्याच गाठी, क्लोव्ह हिच आणि वर दोन हाफ हिच. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा घरभर चिखल होता, सिलिंडर गजालाच होता.

मिरजेला नणंदेच्या घरी पोहोचल्यावर रात्री तो खूप रडला. शेजारच्या मांजराचं काय झालं असेल म्हणून. मी त्याला गप्प केलं नाही. कणखर मूल रडत नाही असं मला कधीच वाटलं नाही.

मूल रडतं तेव्हा

शिबिराच्या पहिल्या रात्री दहातली दोन-तीन मुलं रडतातच. घरून निघताना "आठवण आली तर फोन कर, लगेच न्यायला येतो" असं म्हणू नका. त्या एका वाक्यानं मुलाचं अर्धं मन घरी राहतं. त्याऐवजी सांगा, "पहिल्या रात्री आठवण येईल. सगळ्यांनाच येते. संघनायकाला सांग, आणि रविवारी पाच वाजता मी स्टँडवर उभी असेन." वेळ आणि जागा नक्की सांगितली की मुलाला धरायला काहीतरी मिळतं. मधल्या दिवशी डबा घेऊन भेटायला येणारे पालक मला अजिबात आवडत नसत. सावरत आलेलं मूल त्यांना बघून पुन्हा कोसळतं. रडणाऱ्या मुलीला मी काम द्यायची. कंदिलाची काच पुसायला, उद्याच्या भाजीचे दाणे सोलायला, माझ्या शेजारी बसून. हात चालू लागले की हुंदके हळूहळू थांबत. ताप, दुखापत किंवा कोणी त्रास देत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एका फोनवर निघायचं, आणि मुलाला हे आधीच ठाऊक असलं पाहिजे.

चाचणीत नापास होणं हाही शिबिराचाच भाग आहे. द्वितीय किंवा तृतीय सोपानाच्या, म्हणजे स्काऊट-गाईडच्या पुढच्या पायरीच्या चाचणीच्या वेळी एखादी गाठ चुकते, परीक्षक परत पाठवतात. पुन्हा सराव, पुन्हा चाचणी. पुढे राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार येतात आणि तिथे मी वडिलांच्या अक्षरातल्या नोंदवह्या पाहिल्या आहेत. तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. त्या वहीत पोरांचं वाकडंतिकडं अक्षरच तर हवं होतं.

पथक निवडताना

साधारण पहिली ते चौथी मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल, पाचवीपासून स्काऊट आणि गाईड. शाळेत पथक असेल तर तीन गोष्टी विचारा. दर आठवड्याला मेळावा होतो का, की फक्त ध्वजवंदनाला गणवेश निघतो? वर्षात मुक्कामी शिबिर असतं का? तिथे स्वयंपाक मुलं करतात की आचारी? आचारी असेल तर निदान एका वेळचं जेवण मुलांकडे द्या, असा आग्रह पालकसभेत धरा. पथकच नसेल तर मुख्याध्यापकांशी बोला. प्रशिक्षण घ्यायला तयार असलेला एक शिक्षक मिळाला की जिल्हा कार्यालयाकडून पुढची वाट कळते. तोवर सोसायटीतली सहा-सात मुलं गोळा करून रविवारचा संघ सुरू करा. एक नायक, एक दोरी, एक वही. नायक दर दोन महिन्यांनी बदला, म्हणजे हुकूम देणाऱ्याला ऐकण्याचीही सवय राहील.

आणि शिबिराहून मूल परत येईल तेव्हा बॅग उघडू नका. आत ओले मोजे असतील, चिखलाचा गणवेश असेल, कोणाचा तरी चमचा असेल, वास येत असेल. आधी जेवू द्या, झोपू द्या, जे सांगेल ते ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत बादली आणि साबण ठेवा, आणि तुम्ही मेथी निवडायला बसा.